डाव्या बाजूचा बेंड

६ जानेवारी, सोमवार

आज साइडकारवाली मोटारसायकल घेऊन वाहन तपासणी कार्यालयात गेलो, तर एका तरुण अधिकारी बाईंनी मला आजोबा म्हटलं. मी त्रेसष्ट वर्षांचा आहे. आजोबा व्हायला नातवंड लागतं, आम्हाला मूलही नाही.

"आजोबा, ही गाडी अशी चालवता येणार नाही."

"बाई, ही गाडी तुमच्या जन्माआधीपासून चालते आहे."

"म्हणूनच म्हणते."

मागे रांगेत हशा पिकला. छापखान्याच्या कामगारांपुढे मी तीस वर्षं भाषणं केली, पण ऐन वेळी एक वाक्य सुचेल तर शपथ. हातात सूचनापत्र घेऊन बाहेर आलो. ते जसंच्या तसं उतरवतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की मी तिखटमीठ लावलं.

'एक, आवाज मर्यादेबाहेर. दोन, धुराचे दोन्ही पाइप गंजलेले, डाव्या पाइपला साइडकारच्या तळाखाली भोक. तीन, पाइप बदलेपर्यंत साइडकारमध्ये कोणासही बसवू नये. फेरतपासणी २७ जानेवारी. त्या दिवशी वाहन योग्य न आढळल्यास नोंदणी रद्द करून ते मोडीत काढण्यात येईल.'

पहिली दोन कलमं यंत्राबद्दल आहेत, ती मी समजू शकतो. तिसरं माझ्या बायकोबद्दल आहे. बावीस वर्षांपूर्वी ती ग्रंथालयातल्या शिडीवरून पडली आणि तिचा उजवा गुडघा कायमचा आखडला. पाय फळीसारखा सरळ राहतो. बसमध्ये तो मावत नाही. मोटारीच्या मागच्या बाकावर एकदा तिला आडवी बसवून नेली, तर म्हणाली, "मला गाठोड्यासारखं नेऊ नका." तेव्हा मी साइडकारचं, म्हणजे गाडीच्या बाजूला जोडलेल्या बैठकीच्या डब्याचं, नाक कापलं, नऊ इंच पत्रा वाढवला आणि तिच्या पायाला जागा केली. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती त्यात बसून ग्रंथालयात जाते आणि फाटक्या पुस्तकांची बांधणी करते. ते काम तिच्यापासून काढलं तर उरेल काय?

आणि ही बाई लिहिते, कोणासही बसवू नये! राज्यकर्त्यांची ही जुनीच चाल आहे. सुरुवात यंत्रापासून करतात आणि शेवट माणसापाशी.

बायकोनं कागद शांतपणे वाचला. "भोक खरंच आहे का?" तिनं विचारलं.

"प्रश्न भोकाचा नाही," मी म्हणालो.

"मग कशाचा आहे?"

तिला तत्त्व कळत नाही असं नाही. कळून न कळल्यासारखं करते.

८ जानेवारी, बुधवार

तिला ग्रंथालयात सोडलं आणि तसाच मिस्त्रीकडे गेलो. अर्थात साइडकारमधूनच सोडलं. अन्यायी नियम पाळणं हेही अन्यायात भागीदार होणंच.

मिस्त्री गाडीखाली आडवा झाला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आमच्या इंजिनाला दोन सिलिंडर, म्हणून दोन बेंड. बेंड म्हणजे इंजिनातून निघून मागच्या सायलेन्सरला मिळणारा वाकडा पाइप. उजवा साधा आहे, पण डावा साइडकारच्या दांडीखालून वळसा घेऊन जातो. असा बेंड कंपनीनं फक्त साइडकारवाल्या गाड्यांसाठी केला होता आणि ती कंपनी बंद पडूनच पंचवीस वर्षं झाली.

"काका, उजवा मिळेल कुठेतरी," मिस्त्री म्हणाला. "डावा विसरा. मी नवा पाइप आणतो, त्यात वाळू ठासून भरतो आणि तापवून वाकवतो. चार दिवसांत बसवून देतो. दिसायला जरा बोजड दिसेल, पण जरासुद्धा धूर गळणार नाही."

"म्हणजे नक्कल."

"म्हणजे पाइप, काका."

मी नकार दिला. आमची जुनी वाहने बचाव समिती काय म्हणते? जुनं यंत्र त्याच्या मूळ रूपात जगलं पाहिजे. समितीच्या अध्यक्षानंच वाळूनं वाकवलेला पाइप लावायचा, तर लोकांनी कुणाकडे बघायचं? अस्सल बेंड जगात कुठेतरी आहे. तो मिळेपर्यंत तात्पुरता उपाय म्हणून मी त्याच्याकडूनच तेलाच्या डब्याचा पत्रा घेतला, भोकावर गुंडाळला, वर जाड पट्टी बांधली आणि तारेनं आवळलं. आवाज चटकन खाली आला.

मिस्त्री कान खाजवत म्हणाला, "पट्टीनं आवाज दबतो काका, धूर नाही दबत. तो दुसरी वाट शोधतो."

काम हातचं गेलं म्हणून बोलतो. त्यात त्याचा दोष नाही, पोट सगळ्यांनाच आहे.

संध्याकाळी तिला आणताना मी वाटेत पुढच्या गुरुवारच्या, समितीच्या सभेतल्या भाषणाची तालीम केली. आमची जुनी पद्धत आहे. गाडीच्या आवाजात तिचं बोलणं मला ऐकू येत नाही, म्हणून ती हातातल्या, बांधणीत कागदाच्या घड्या दाबायच्या हाडाच्या पट्टीनं साइडकारच्या पत्र्यावर ठोके देते. एक ठोका म्हणजे ऐकलं, दोन म्हणजे पुरे करा. आज दोन ठोके सहा वेळा आले.

१० जानेवारी, शुक्रवार

थंडी वाढली आहे. गेल्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला होता. अकरा दिवस मी दवाखान्याच्या बाकावर काढले. ते अकरा दिवस मी पुन्हा काढणार नाही.

म्हणून तंबू शिवणाऱ्याकडून साइडकारला कॅनव्हासचं झाकण करून घेतलं. काम बघण्यासारखं आहे. मान बाहेर काढायची गरज नाही, झाकण थेट डोक्यावरून जातं. समोर प्लास्टिकची खिडकी आहे. तिन्ही बाजूंनी मिळून अकरा टिचबटणं, सगळी बाहेरून लागणारी, म्हणजे तिला आतून खटपट नको. खिडकी उघडी ठेवायची सोय तो करणार होता, पण ती वाऱ्यावर फडफडते म्हणून मी शिवून बंद करून घेतली. वाऱ्याची झुळूक आत शिरेल तर नाव बदलीन.

आज पहिल्यांदा त्यातून नेलं. उतरल्यावर ती म्हणाली, "आत जीव घुसमटतो हो."

"ऊब आहे ती. तुला तिची सवय राहिलेली नाही."

"खिडकी तरी उघडी हवी होती."

"आणि मग छाती भरली की?"

संध्याकाळी डोकं दुखतं म्हणून लवकर पडली.

१३ जानेवारी, सोमवार

दोन दिवसांत सतरा ठिकाणी फोन केले. एकानं उजवा बेंड आहे म्हणून सांगितलं. एकानं विचारलं, "अशी गाडी अजून चालते?" आणि इतका हसला की मीच फोन ठेवला. एक म्हणाला, माझ्याकडे डावा होता, मुलीच्या बागेत वेल चढवायला दिला. या देशात इतिहासाच्या वेली होतात!

चौदा दिवस उरले.

तिचं डोकं सकाळीच दुखायला लागलं, ग्रंथालयाच्या दारात. उतरताना तिचा तोल गेला, मी धरलं. "जरा थांबा, गरगरतंय," म्हणाली. मग जिना उतरून तळघरात गेली. तिचं बांधणीचं टेबल तळघरातच आहे. सरस, जुनी धूळ, कमी उजेड. मला तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र छान झाली. वाटेत मी नव्या भाषणाचा शेवट म्हणून दाखवला आणि पूर्ण रस्ताभर एकही दोन ठोके नाहीत. शेवट जमला आहे.

१५ जानेवारी, बुधवार

आज ती ग्रंथालयाच्या दारात ओकली.

मी तडक ग्रंथपालांच्या खोलीत गेलो आणि त्यांना सुनावलं. माणसांना तळघरात कोंडून ज्ञानाची सेवा करवून घेणं हा कुठला न्याय? तिथल्या सरसाच्या वासानं माझी बायको आजारी पडते आहे. ग्रंथपाल सभ्य गृहस्थ आहेत. म्हणाले, "खिडक्या दिवसभर उघड्या असतात. तिथे अजून दोघी काम करतात, त्यांची काहीच तक्रार नाही." मी म्हणालो, तक्रार नसणं हाच गुलामीचा पुरावा असतो. तिथल्या तिथे लेखी निवेदन दिलं.

घरी आल्यावर ती चिडली. इतकी चिडलेली मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मला तिथे बरं वाटतं. पोचल्यावर तासाभरात डोकं उतरतं माझं."

"सवय होते वासाची."

"आणि परत घरी आले की पुन्हा दुखतं, ते?"

"दिवसभराचा शीण."

"सगळ्याचं उत्तर आहे तुमच्याकडे," ती म्हणाली आणि पाणी प्यायला उठताना भिंतीला धरून उभी राहिली.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्तदाब बघितला, चष्म्याचा नंबर तपासून घ्या म्हणाले.

१६ जानेवारी, गुरुवार

सभा झाली. साठ तरी माणसं होती. मी सूचनापत्र वाचून दाखवलं आणि तिसऱ्या कलमापाशी थांबलो. म्हणालो, "सत्तावीस तारखेला मी याच गाडीवरून, याच साइडकारमध्ये माझ्या पत्नीला बसवून कार्यालयाच्या दारात जाणार. अस्सल पाइपांसह! नाही जमलं तर गाडी माझ्या हातांनी मोडीत घालीन." टाळ्या थांबेनात.

मेव्हणा शेवटच्या रांगेत बसला होता. हा बायकोचा धाकटा भाऊ, मला भोंगा म्हणतो, तोंडावरसुद्धा. निघताना म्हणाला, "भाषण फक्कड झालं, भोंगा. पण ताई का नाही आली?"

"बरं नाही तिला."

"कार्यक्रमाला ती लागते ना सत्तावीसला? मग सांभाळ की."

माणसानं थट्टा करावी, पण टोचून नव्हे.

आज ती दिवसभर घरी होती. एकदम ठणठणीत. दुपारी खुर्चीत बसून दोन पुस्तकं शिवून काढली. आता तर शंकाच उरली नाही. घरी असते त्या दिवशी बरी, कामावर जाते त्या दिवशी आजारी. तळघरच.

१७ जानेवारी, शुक्रवार

सापडला!

एकशे चाळीस किलोमीटरवरच्या गावात जुन्या गाड्या मोडणारा एक भंगारवाला आहे. त्याच्या वखारीत साइडकारवाली सांगाडा गाडी पडून आहे आणि दोन्ही बेंड, दोन्ही सायलेन्सर जागेवर आहेत. मी फोनवर त्याला डाव्या बेंडाचा वळसा तीनदा वर्णन करून सांगायला लावला. तोच आहे. "रविवारी या," म्हणाला. "सोमवारी माझी गाडी भट्टीकडे जाते. त्यानंतर जबाबदारी माझी नाही."

परवाच जायचं. तिची थोरली बहीण त्याच गावात असते, चार वर्षं भेट नाही. तीही येते म्हणाली.

आज ग्रंथालयाच्या दारात झाकणाची बटणं काढली तर ती झोपलेली. हाक मारली, उठेना. खांदा हलवला तेव्हा डोळे उघडले आणि माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. मी म्हणालो, "उठा राणीसरकार, महाल आला." ती हसली नाही. गालांवर मात्र चांगली लाली आहे. झाकणाची ऊब अंगी लागते आहे, निदान तेवढं तरी मी बरोबर केलं.

१८ जानेवारी, शनिवार

गाडी उद्यासाठी तयार. पत्र्यावरची पट्टी सैल झाली होती, आणखी दोन वेढे घातले. मिस्त्रीकडे तार मागायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "लांब जाताय तर काकूंना नेऊ नका त्यात. आणि न्यायचंच असेल तर ते झाकण काढा. मी परवा बघितलं, बाहेरून बटणं काय लावलीत तुम्ही?"

"तुला छातीचा आजार माहीत आहे का? बाकावर बसून काढलेले अकरा दिवस माहीत आहेत का?"

"नाही माहीत," म्हणाला आणि तार दिली.

आज ती पुन्हा ठणठणीत आहे. बहिणीसाठी स्वतः बांधलेली कोरी वही घेतली आहे. मी तिला सांगितलं, सत्तावीस तारीख होऊ दे, मग ग्रंथालयाचं काम बंद कर. तुझ्यापेक्षा पुस्तकं मोठी नाहीत. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी इतकं भांडता, की मला माझ्यासाठी काही करायला जागाच उरत नाही."

हे कौतुक होतं की तक्रार, कळलं नाही. झोपतो. पहाटे निघायचं आहे.

२० जानेवारी, सोमवार

ती जिवंत आहे. हे आधी लिहितो.

काल सहाला निघालो. कडाक्याची थंडी होती, म्हणून अकराच्या अकरा बटणं लावली. तिसाव्या किलोमीटरला दोन ठोके आले. मी बोलतच राहिलो. भंगारवाल्याशी काय बोलायचं, कार्यालयाच्या दारात काय बोलायचं, वर्तमानपत्रवाले आले तर काय बोलायचं. पुन्हा दोन ठोके आले, जरा घाईचे. मग आणखी दोन. म्हटलं, आज बाईसाहेबांचा मूड नाही. नंतर ठोके थांबले. मी पन्नास किलोमीटर अखंड बोललो. इतका वेळ तिनं मला जन्मात कधी बोलू दिलं नव्हतं आणि मला, आता हे लिहायला हात धजत नाही, मला आनंद होत होता.

महामार्गावर मालट्रकांच्या वजनकाट्याजवळ इंजिन गार करायला थांबलो. म्हणालो, "बघ, अर्ध्याच्या पुढे आलो." उत्तर नाही. प्लास्टिकच्या खिडकीवर आतून वाफ होती. बटणं काढायला लागलो. माझी बोटं गारठली होती. एक निघालं, दुसरं निघेना. आत तिचं डोकं एका बाजूला पडलेलं दिसत होतं. मी ओरडलो. काट्यावर वजनं लिहिणारी बाई धावत आली, तिनं कागद कापायच्या पात्यानं झाकण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फाडलं. आतून जो वास आला तो मला ओळखीचा होता. रोज माझ्या मागे रस्त्यावर सुटणारा तो वास होता.

एका ट्रकवाल्यानं तिला पुढे केबिनमध्ये घेतलं. तिचा सरळ पाय दारात अडत होता. मी तो पाय हातात धरून पायरीवर उभा राहिलो, सोळा किलोमीटर.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. प्राणवायूचा मुखवटा लावत तिनं विचारलं, "घरात शेगडी पेटवता? बंद खोलीत?"

"नाही."

"मग कशात बसून आल्या या?"

मी सांगायला लागलो. सवयीप्रमाणे नीट, मुद्देसूद सांगायला लागलो. खाली लाकडी फळी, त्यावर गादी, वर जाड कॅनव्हास, तिन्ही बाजूंनी बटणं, खिडकी शिवलेली, वाऱ्याची एक झुळूकसुद्धा आत

त्या ठिकाणी माझं वाक्य थांबलं. इथेही पुरं करता येत नाही.

२२ जानेवारी, बुधवार

डॉक्टरनं मला कागदावर चित्र काढून समजावलं. इंजिनाच्या धुरात एक वायू असतो, त्याला रंग नाही, वास नाही. बाकीच्या धुराला वास असतो, याला नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. डोकं दुखतं, गरगरतं, ओकारी येते, झोप येते. मोकळ्या हवेत गेलं की हळूहळू उतरतं. मी विचारलं, "तासाभरात?" ती म्हणाली, "थोडा असेल तर काही तासांत बरं वाटायला लागतं." मी पुढे विचारलं नाही.

पट्टी बांधल्यानं पाइपाच्या बाजूला जाणारा धूर वर वळला, फळीच्या फटींतून आत शिरला. झाकण नसतं तर उडून गेला असता. पट्टी मी बांधली. झाकण मी शिवून घेतलं. आणि मी पुढे वाऱ्यात बसून भाषण करत होतो.

ती आज नीट बोलली. शब्द शोधावे लागतात तिला, मध्येच थांबते. डॉक्टर म्हणते, काही आठवडे जातील, काही महिनेही जातील, हात थरथरतील. मी म्हणालो, मला माफ कर, मी फक्त तुला थंडी बाधू नये म्हणून...

"थंडी," ती म्हणाली. मग थांबली. मला वाटलं, शब्द सापडत नाही. पण तिला सापडला होता. "थंडी मला वाजते का, हे तुम्ही मला विचारलंत कधी?"

मी आठवून बघितलं. रात्रीपर्यंत आठवत होतो.

नाही विचारलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

भंगारवाल्याचा फोन आला. "आला नाहीत तुम्ही. मी तुमच्यासाठी चार दिवस थांबवलं होतं. आज जातंय भट्टीत."

"जाऊ द्या," मी म्हणालो.

"अहो, डावा बेंड आहे! पुन्हा मिळायचा नाही."

"जाऊ द्या."

फोन ठेवला आणि मेव्हण्याला सांगितलं, गाडी विकून टाकतो. त्यानंच आज तिला दवाखान्यातून घरी आणलं होतं आणि गाडीही काट्यावरून टेम्पोत घालून आणवली होती. यावेळी त्यानं मला भोंगा म्हटलं नाही. त्यापेक्षा म्हणाला असता तर बरं झालं असतं.

पलंगावरून ती म्हणाली, "विकणार? मग मी जाणार कशी?"

"मी तुला आता त्यात बसवू शकत नाही."

"तुम्ही नका बसवू. मी बसेन." थोडा वेळ श्वास घेतला. "मिस्त्रीला बोलवा. आणि तो काय सांगतो ते मी ऐकणार आहे. तुम्ही बाहेर थांबा."

मी ओसरीत उभा राहिलो. आत दोघं वीस मिनिटं बोलत होती. मिस्त्री बाहेर आला, म्हणाला, "दोन्ही पाइप वाळू भरून वाकवतो. रात्री जागतो, परवा संध्याकाळी बसवतो. आणि फळीखाली पत्र्याचा अखंड तळ मारतो, फट ठेवत नाही. काकूंनी झाकण जाळायला सांगितलंय."

"वजनकाट्यावरच राहिलं ते, फाटलेलं."

"मग सुटलो," म्हणाला.

२७ जानेवारी, सोमवार

मी एकटाच गाडी घेऊन गेलो. साइडकार रिकामी. कार्यालयाच्या दारात समितीची तीस-चाळीस माणसं फलक घेऊन उभी होती. मला पाहून घोषणा सुरू झाल्या. कुणीतरी विचारलं, वहिनी कुठे आहेत?

मी पायरीवर चढलो. रात्रभर भाषण लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं, जुनं टिकवायचं तर त्यातलं कुजलेलं आधी ओळखावं लागतं. ते टाळ्यांसाठी लिहिलेलं होतं, म्हणून म्हटलं नाही. म्हणालो, "सूचना बरोबर होती. मला वाचता येतं, मी ती वाचली होती, आणि तरी बायकोला त्यात बसवलं. ती मरता मरता वाचली. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जुन्या गाड्या आहेत त्यांनी आजच खाली वाकून भोक आहे का बघा. आहे असं कुणी सांगितलं, तर त्याला शत्रू समजू नका. मी अध्यक्षपद सोडतो."

कुणी टाळी वाजवली नाही. एक जण म्हणाला, "विकला गेला म्हातारा." दोघं-तिघं फलक गुंडाळून निघून गेले. पण एक तरुण बाप, ज्याच्या साइडकारमध्ये त्याची दोन मुलं बसली होती, त्यानं मुलांना खाली उतरवलं आणि रस्त्यावरच गाडीखाली आडवा झाला.

अधिकारी बाईंनी गाडी चालू करून नळी लावली, आवाज मोजला, खाली वाकून दोन्ही बेंड पाहिले. डावा खरोखर ओबडधोबड आहे, वळशावर हातोडीच्या खुणा दिसतात. "कुणी केला?" विचारलं. सांगितलं. "चांगला केलाय," म्हणाल्या. शिक्का मारला. मग कागद देताना हात मागेच ठेवला आणि विचारलं, "बाहेर बोललात ते ऐकलं मी. आजी कशा आहेत?"

"शब्द विसरते. पण भांडते."

"मग बऱ्या होतील," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगा, सांधे तपासायचे असतील तर साबणाचं पाणी लावायचं. गार इंजिन सुरू करायचं, मागचं तोंड फडक्यानं जरा दाबायचं, जिथे गळती असेल तिथे बुडबुडा येतो. घरच्या घरी बघता येतं." मी आभार मानले. तिला सांगायचा निरोप होता, तो मी तिलाच सांगितला, त्यात माझं काही घातलं नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

कामाचा पहिला दिवस. ग्रंथपालांनी अर्धाच दिवस या म्हणून कळवलं आहे. तिनं नऊला निघायचं ठरवलं होतं.

साडेआठला ती अंगणात खुर्ची टाकून गाडीशेजारी बसली, सरळ पाय पुढे, मांडीवर साबणाच्या पाण्याचा वाडगा आणि सरस लावायचा ब्रश. हात थरथरतो, म्हणून ब्रश दोन्ही हातांनी धरला होता. "सुरू करा," म्हणाली. मी केली. मागच्या तोंडांवर फडकी दाबून धरली. ती एकेका सांध्याला फेस लावत गेली. इंजिनाचा उजवा सांधा, डावा सांधा, वळशाचा जोड, सायलेन्सरचा जोड. प्रत्येक ठिकाणी डोकं वाकवून मनातल्या मनात मोजत थांबायची. आकडा मध्येच विसरली की पुन्हा पहिल्यापासून. मला पाच वेळा बोलावंसं वाटलं. पाचही वेळा दात आवळले.

डाव्या बेंडाच्या मागच्या जोडाला एक बुडबुडा आला. वाटाण्याएवढा. फुगला, फुटला, पुन्हा आला.

"बंद करा," ती म्हणाली.

नऊ वाजून गेले होते. तिला उशीर होत होता, पहिलाच दिवस होता, साइडकारला आता झाकण नव्हतं, तळ अखंड होता, अंतर चार किलोमीटर. मी म्हणालो, "अगं, एवढ्याशानं काही होत नाही."

वाक्य तोंडातून गेलं. ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही, वाट बघत.

मी आत जाऊन पाना आणला, जमिनीवर बसलो आणि नट सोडवायला घेतला. जोडातली चकती तिरकी बसली होती. ती काढली, घासली, पुन्हा बसवली. तिनं पुन्हा फेस लावला, पुन्हा मोजलं. पुन्हा बुडबुडा, पुन्हा पाना. तिसऱ्या खेपेला बुडबुडा आला नाही. चौथ्यांदाही तिनं लावून बघितला.

आम्ही अकराला निघालो.